ऑपरेशनाआधीचे आभार

ईश्वरविज्ञानातली एक गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी इतकी हसले, की शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं. वय पंचेचाळीस. नोकरी लातुरात, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. साठ मुलींना नुसत्या भुवईनं गप्प करणारी मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून तोंडाला पदर लावून खिदळत होते. हसू थांबलं की ते वाक्य पुन्हा आठवायचं आणि पुन्हा फुटायचं.

वाक्य एवढंच होतं, की चिंता वाटणं हे पाप नाही.

यात हसण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही माझ्या बाबांच्या घरात वाढला नाहीत. बाबा पाळक, म्हणजे चर्चमधल्या मंडळीचे धर्मगुरू. मुखेडच्या बाजूच्या खेड्यातून निघून चाळीस वर्षं मंडळ्या सांभाळल्या, शेवटची नांदेडची. त्यांचा सगळ्यात गाजलेला संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, चिंतेविरुद्धचा. चिंता करणारा माणूस देवाला खोटं ठरवतो, असं ते हात वर करून म्हणायचे आणि मागच्या बाकावरची पेंगणारी माणसंही ताठ बसायची. दहावीच्या निकालाच्या सकाळी मी घरात नुसतं म्हणाले, "बाबा, पोटात कसंतरी होतंय." त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या अविश्वासासाठी प्रार्थना सुरू केली. चहा गार झाला, साय धरली, शेजारची मुलगी पास होऊन पेढे वाटून गेली, तरी प्रार्थना चालूच.

तेव्हापासून मी घाबरायची ती लपून. आणि मी जन्माची घाबरट आहे. गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघते. एस.टी.चा ड्रायव्हर फोनवर बोलायला लागला की उतरेपर्यंत त्याच्या मानेकडं टक लावून बसते, जणू मीच गाडी धरून ठेवली आहे. रात्रीची हजेरी घेताना साठ मुली मोजते, मग पुन्हा मोजते, मग एकसष्ट भरतात आणि मी नव्यानं घाबरते. आणि वर लगेच अपराधी वाटायचं, कारण पाळकाची मुलगी असून मी देवाला खोटं ठरवून राहिलेली. भीती एक आणि तिच्यावर दंड एक, असा माझा दुहेरी संसार चालला होता.

त्यात गाव लातूर. इथं डाळीसारखीच चिंताही पोत्यानं येते. जूनमध्ये आईबाप गाद्या-बादल्यांसकट पोरी आणून सोडतात, आणि चाचणीचे मार्क लागले की माझ्या जिन्यात प्रत्येक पायरीवर एक जण रडत बसलेली असते. मी त्यांना बाबांचं सांगायची, काळजी करू नका म्हणून. त्या डोळे पुसून "हो मॅडम" म्हणायच्या आणि वर जाऊन पुन्हा रडायच्या.

आमच्या मंडळीनं सामान्य माणसांसाठी ईश्वरविज्ञानाचा वर्ग काढला, तेव्हा मी नाव घातलं ते खरं तर शनिवारी दुपारी वसतिगृहातून सुटका व्हावी म्हणून. वर्ग एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये भरायचा. फळ्यावर कुणीतरी पुसायचं विसरलेलं बेडकाचं हृदय, आणि त्याच्याखाली उभ्या राहून बाई सांगत होत्या, की गेल्या शतकात युरोपात दोन महायुद्धं झाली. गावंच्या गावं गेली. कबरींच्या कडेला उभं राहून "काळजी करू नका" म्हणताना पाळकांच्या जिभा अडखळायला लागल्या. तेव्हा काही ख्रिस्ती विचारवंत नव्यानं विचार करायला बसले. त्यांनी भीती आणि चिंता वेगळ्या केल्या. भीतीला तोंड असतं, बाई म्हणाल्या. कुत्रं, परीक्षा, सासू. तोंड असलं की तिच्याशी भांडता येतं. चिंतेला तोंड नसतं. आपण मातीचे आहोत आणि एक दिवस नसणार आहोत, हे ज्याला ठाऊक आहे त्या जिवाला ती लागूनच येते. ती काढून टाकता येत नाही, आणि ती असणं म्हणजे विश्वास नसणं नव्हे. धैर्य म्हणजे ती पोटात असताना पाय उचलणं. आणि तो पाय उचलतो तो कशाच्या बळावर, तर आपण आहोत तसे, घाबरट आणि अर्धवट, आपल्याला आधीच जवळ घेतलेलं आहे म्हणून. हे मान्य करणं सोपं नाही, कारण माणसाला सगळं लायकीनं मिळवायचं असतं.

इथं मला हसू फुटलं. तीस वर्षांचा दंड कुणीतरी एका वाक्यात माफ केला होता. घरी जाताना मी रिक्षावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "हाव मॅडम, पण सुट्टे द्या."

आठवडाही झाला नव्हता, तर नांदेडहून वहिनीचा फोन. माझा भाऊ नोकरीसाठी पुण्याला असतो. नांदेडच्या घरी बाबा आणि वहिनी, दोघंच. वहिनी कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली.

"ताई, या तुम्ही इकडं. बाबांनी लई मोठा घोळ करून ठेवलाय."

घोळ कळायला आधी डोळे कळायला हवेत. बाबांचा डावा डोळा ऑपरेशन पुढं ढकलता ढकलता कायमचा गेला होता. उजव्यातला मोतीबिंदूही आता पिकून गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की महिन्याभरात केलं नाही तर आतला दाब वाढून हाही जाईल आणि मग कुणालाच काही करता येणार नाही. तारीख ठरली, गुरुवार. आदल्या रविवारी उपासनेत सगळ्या मंडळीनं बाबांसाठी प्रार्थना केली. गुरुवारी वहिनी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, केसपेपर काढला, औषधं आणायला खाली गेली आणि वर आली तर खुर्ची रिकामी. बाबा रिक्षा करून घरी येऊन बसले होते. म्हणाले, आज प्रभूकडून मोकळीक मिळाली नाही.

इथपर्यंत ठीक. पण रविवारी साक्ष देण्याच्या वेळी बाबा उठले. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. आणि बाबांची एक जुनी रीत होती, मागितलेलं हातात पडायच्या आधीच आभार मानायचे, तोच खरा विश्वास म्हणायचे. मंडळीच्या शेडवर पत्रे नव्हते तेव्हा त्यांनी पत्र्यांचे आभार मानले होते, आणि सहा महिन्यांनी पत्रे आले होते. त्या हिशोबानं ते उभे राहिले आणि दृष्टी दिल्याबद्दल प्रभूचे आभार मानून मोकळे झाले. दुर्दैवानं डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून त्यांनी काळा चष्मा घातलेला होता, मोतीबिंदू काढलेली माणसं घालतात तसला, मोठा, बाजूनं बंद.

गुरुवारी ऑपरेशन, रविवारी काळा चष्मा आणि आभार. आता मंडळीनं काय समजायचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघी रडल्या. दुपारपर्यंत मंडळीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे ऐंशी निरोप. संध्याकाळपर्यंत महिला मंडळानं ठरवलं, की दोन आठवड्यांनी आभाराची उपासना घ्यायची, मटणाचं जेवण करायचं, आणि बाबांनी नव्या डोळ्यांनी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचायचा.

"मग तुम्ही का नाही सांगितलं?" मी वहिनीला विचारलं.

"सांगणार होते. पण ते हात जोडून सगळ्यांचा सलाम घेऊन राहिले होते, ताई. माझं तोंडच उघडंना."

शनिवारी मी एस.टी. धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड. ड्रायव्हर तीनदा फोनवर बोलला आणि मी तीनदा त्याची मान धरून ठेवली.

घरी बाबा बघणाऱ्या माणसाचं नाटक करण्यात रंगले होते. मी दारात उभी राहिले तर मला म्हणाले, "ये, ये. बारीक झालीस." मी गेल्या वर्षात सहा किलो वाढले आहे. शेजारचे काका आले तर बाबांनी त्यांच्या नव्या शर्टाचं कौतुक केलं, आणि काका बनियनवर. मंडळीतल्या एक निवृत्त सिस्टर आल्या, डोळ्यात थेंब घालून देते म्हणाल्या. बाबा घाईनं मागं सरकले. "डॉक्टरांनी कुणाला हात लावू देऊ नका म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. मी ऐकलेलं बाबांचं हे पहिलं धडधडीत खोटं. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मी बोटांवर दिवस मोजत होते, महिन्यातले पंधरा गेले होते.

सिस्टर गेल्यावर मी दार लावलं.

"बाबा, तुम्हाला भीती वाटतेय."

"मला? भीती?" व्यासपीठावरचा आवाज लागला. "विश्वासणाऱ्याला भीती कसली?"

मग मी वर्गात शिकलेलं सगळं सांगितलं. भीतीचं तोंड, चिंतेचं तोंड नसणं, कबरींच्या कडेचे पाळक. बाबांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, जमलं.

"हे भीतीला खुर्ची देणारं ईश्वरविज्ञान झालं," ते म्हणाले. "आधी खुर्ची द्याल, मग चहा द्याल, मग ती मुक्कामाला राहील."

"ती मुक्कामालाच आहे. तुम्ही तिला नुसतं पलंगाखाली लपवलंय."

"चिंता करू नका, असं प्रभूनं स्पष्ट सांगितलंय."

"ते रागावून नाही सांगितलं, बाबा. जवळ घेऊन सांगितलंय."

"तुला काय माहीत? तू होतीस तिथं?"

"आणि क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभू येशूला घाम फुटला होता, तो काय अविश्वासाचा होता?"

बाबांनी चष्मा काढून शर्टानं पुसला. मग म्हणाले, "तो घाम वेगळा." आणि उठून आतल्या खोलीत गेले, वाटेत स्टुलाला धडकून. स्टुलाला "माफ करा" म्हणाले.

वहिनी आणि मी स्वयंपाकघरात जाऊन हसलो, ओट्याला धरून हसलो. मग वहिनी एकदम रडायला लागली. "आंधळे होतील हो ते," म्हणाली. "आणि मी काय, हसून राहिले."

दुसरा आठवडाभर मी रजा वाढवून तिथंच राहिले. वहिनी रोज सकाळी शास्त्रपाठ मोठ्यानं वाचायची, बाबा पाठ करायचे. त्यांना अर्धा आधीच येत होता. मी रोज त्यांना दवाखान्यात चला म्हणायची, ते रोज म्हणायचे, आभाराची उपासना होऊ दे. उपासनेनंतर कोण कशाला ऑपरेशन करून घेईल, हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं.

रविवार उजाडला. चर्चमध्ये झेंडूच्या माळा, बाहेर मांडव, डेगच्यांखाली धूर. पाळकसाहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले, बाबांना फार मानणारे. त्यांनी बाबांना हात धरून पुढं नेलं. बाबांनी पहिल्या बाकावरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि वाचायला लागले. काय वाचन ते! एक शब्द चुकला नाही, आवाज खणखणीत, योग्य जागी थांबणं, योग्य जागी पान उलटणं. वहिनीनं माझ्या मांडीला चिमटा घेतला. मी नीट बघितलं. बाबांच्या हातात बायबल नव्हे, गीतांचं पुस्तक होतं.

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं सोंग केलं. वहिनी रुमालात तोंड घालून हलत होती, शेजारच्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं कृतज्ञतेनं रडतेय. बाबांनी वाचन संपवलं, पुस्तक मिटलं, सगळी मंडळी "आमेन" म्हणाली.

आणि मग पाळकसाहेब म्हणाले, "आता साहेबांची कन्या आपल्याला दोन शब्द सांगतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. जन्मात मी व्यासपीठावर गेले नव्हते. उठले, पदर खोचला. पुढं जाईपर्यंत मनात एकच होतं, सांगून टाकायचं, ऑपरेशन झालेलं नाही. तिथं पोचले, वळले, आणि पहिल्या बाकावर बाबा काळा चष्मा लावून माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसलेले. हात मांडीवर, एकात एक घट्ट. चाळीस वर्षांच्या पाळकाला त्याच्याच मंडळीत उघडं पाडायचं मला जमेना.

"सलाम," मी म्हणाले. "मी घाबरट बाई आहे."

मग मी सुटलेच. गॅस सांगितला. ड्रायव्हरची मान सांगितली. साठ मुलींच्या एकसष्ट झाल्या ते सांगितलं. लोक हसायला लागले. मी म्हणाले, आत्ताही माझे पाय लटपटताहेत, हे बघा, आणि साडीच्या निऱ्या हलत होत्या त्या दाखवल्या. मग म्हणाले, लहानपणापासून मला वाटायचं, की घाबरणाऱ्याला देव बाहेर उभं करतो. आता वाटतं, की तो घाबरलेल्यालाच आधी आत घेतो. मला वाटतंय ते चूक असेल तर पाळकसाहेबांनी सांगावं. पण मी आता लपवणार नाही, लपवून लपवून दमले.

मी खाली उतरणार तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. म्हणाले, "साक्ष द्यायचीय. मला लिफ्टचं भ्याव वाटतं. पोराच्या घरी पाचव्या मजल्यावर चालत जातो अन् व्यायाम करतो म्हणून सांगतो." पलीकडून एक बाई, "मला सुनंचं." सून शेजारीच बसलेली, ती म्हणाली, "मला बी सासूचं." आता चर्चमध्ये नुसता गदारोळ. कुणाला कुत्र्याचं, कुणाला बँकेतल्या मशीनचं, कुणाला सकाळी सकाळी आलेल्या फोनचं. पेटीवाले तर उभं न राहताच ओरडले, की त्यांना दर रविवारी पहिला सूर चुकेल असं वाटतं. शेवटी पाळकसाहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, "मला साहेबांच्या समोर संदेश द्यायचं भ्याव वाटतं." लोक बाकं वाजवायला लागले. इतकी आनंदी उपासना मी आयुष्यात बघितली नव्हती. मला वाटत होतं मी जमिनीपासून वीतभर वर आहे.

एकटे बाबा हसत नव्हते. ते उठलेही नाहीत. उपासना संपली, आशीर्वाद झाला, पंगत बसली, सगळ्यांनी मला पाठ थोपटून थोपटून हैराण केलं, आणि बाबा मांडवात खाली मान घालून भात चिवडत बसले. माझा सगळा आनंद उतरला. मी भाषण ठोकून आले होते आणि त्यांचा डोळा तिथंच होता.

सोमवारी सकाळी वहिनीनं मला हलवून उठवलं. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते, अंघोळ करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गुंड्या एक घर सोडून लावलेल्या.

"रिक्षा बोलव," ते म्हणाले. "आणि बोलत बसू नको."

वहिनीनं दवाखान्यात फोन लावून आजचीच वेळ मागून घेतली. रिक्षात ते मध्ये, आम्ही दोघी बाजूला. पूल ओलांडल्यावर बाबा वहिनीला म्हणाले, "ग्रुपवर लिही. लिही की ऑपरेशन आज आहे. त्या गुरुवारी मी घाबरून पळून आलो होतो. आभार मी आधीच मानले होते आणि तुमचा गैरसमज झाला तो मी तसाच राहू दिला. ही माझी चूक. प्रार्थना करा."

वहिनीनं लिहिलं. अंगठा वर धरून बसली. "पाठवू, बाबा?"

"थांब."

रिक्षा चौकात थांबली, निघाली, पुन्हा थांबली. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी आम्ही उतरलो. बाबांनी कठडा धरला. दुसऱ्या पायरीवर थांबले.

"पाठव," म्हणाले.

आम्ही वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत वहिनीचा फोन वाजून वाजून तापला. सगळ्यात वरती निवृत्त सिस्टरांचा निरोप होता. मी बाबांना वाचून दाखवला: "साहेब, आम्हाला कालच कळलं. गीतांचं पुस्तक होतं हातात. जेवण छान होतं म्हणून कुणी बोललं नाही." बाबांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पण हसू तिथवरच आलं, कारण त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता. त्यांचा इतका घाबरलेला हात मी कधी धरला नव्हता. दहावीच्या सकाळी माझा हात त्यांनी धरला असता तर असाच लागला असता, असं वाटून मला त्यांची फार माया आली.

त्यांना हिरवा अंगरखा घातला, डोक्याला टोपी बांधली, चष्मा काढून माझ्याकडं दिला. नर्स पोरसवदा होती. केसपेपर बघून तिनं सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "काय आजोबा, भीती वाटतेय का?"

मी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"लई," बाबा म्हणाले. व्यासपीठावरचा नव्हे, मुखेडच्या खेड्यातला आवाज. "लई भ्याव वाटून राहिलंय, पोरी."

ती गडबडली. "मग जरा थांबायचं का? डॉक्टरांना सांगते."

"न्हाई," ते म्हणाले. "चल."

आणि उठून, मान ताठ ठेवून, भराभर चालायला लागले, सरळ भिंतीकडं. नर्सनं पळत जाऊन त्यांना खांद्याला धरलं आणि दाराकडं वळवलं.